मौनाचा डबा

— हां, हां, तुमी नगा उचलू ताई, द्या हिकडं. अशी उलटी करायची — सीट खाली, चाकं वर. सायकल उलटी केल्याबिगर तिचं दुखनं कळत न्हाई. काय म्हनताय? न्हाई न्हाई, सांगूच नगा! दुखनं गिऱ्हाइकानं सांगायचं आन् आमी नुसती मान हालवायची, मग पाच वर्सं ह्या चिंचेखाली बसून मी केलं काय? एक्क्यान्नव साली पलटनीतनं पेन्शनीवर आलो, त्याच दसऱ्याला ही टपरी टाकली. कुनालाबी इचारा सांगलीच्या ह्या विश्रामबागेत — चाकाचा आऊट काढायचा तर कुनाकडं? तर कृष्णात हवालदाराकडं. कॉलेजची पोरं येत्यात, ब्यांकेतलं सायब येत्यात. तुमीबी नाव ऐकूनच आला असनार. बसा त्या स्टुलावर. त्येचा एक पाय आखूड हाय, तेवढं सांबाळून बसा.

पाटी वाचलीत न्हवं? ती वो, खिळ्याला अडकवलीया ती — ‘गुरुवार. हवालदारांचे मौन. काम हाताने दाखवावे.’ माझ्याच अक्षरात हाय. वाचूनच तुमी गप बसलाय, आलं माझ्या ध्यानात. शानी पोरगी! न्हाईतर लोकं येत्यात, पाटी वाचत्यात, आन् इचारत्यात, हवालदार, मौन म्हंजे काय वो? मग सांगावं लागतंय. सांगाय बसलं की तास मोडतो. आता तुमी म्हनाल, मग हे काय चाललंया? तर हे मौनाबद्दल चाललंया, ताई. मौनाबद्दल बोललेलं मोडलेल्या मौनात धरत न्हाईत — म्हंजे मी धरत न्हाई. हातानं काय दावताय? थांबा, दमानं. आदी चाक बगू द्या, मग तुमचं बगू.

हे बगा, फिरवलं. आता नजर हितं ठेवायची, चिमट्यापाशी — चाक धरनाऱ्या ह्या दोन दांड्यांपाशी. फिरतंय, फिरतंय, सरळ हाय, सरळ हाय — आन् हितं डुललं! दिसलं? पुन्हा बगा — डुललं! ह्येला आऊट म्हंत्यात. नवशिका मानूस काय करतोय, डोळं चाकासंगं गरागरा फिरवतोय, आन् घटकाभरात त्येलाच घेरी येती. तसं न्हाई करायचं. खडू रिमजवळ धरायचा, डोळा एका जागी ठेवायचा, आन् चाकाला फिरू द्यायचं. जितं रिम खडूला शिवलं, तितं रेघ उठती. त्या अंगाची तार जराशी ढिली करायची, समोरच्या अंगाची जराशी आवळायची. जराशी म्हंजे किती? पाव आटा. पाव! अर्धा दिलात की रिम दुसऱ्या अंगाला पळालं, मग बसा दुपारपातुर. आन् मग तार वाजवून बगायची. ऐका — टिंग. बरी हाय. टिंग. हीबी बरी. टुंग! ऐकलं? ढिली. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस, आन् डोळं मिटून सांगतो मी कुटली ढिली ते. रस्त्यानं ट्रक जाऊ दे, कर्ना वाजू दे, कान माझा तारंवर. आन् नजर म्हनाल तर — मान न वळवता सांगतो — पलीकडच्या रसवंतीत एकच गिऱ्हाईक हाय, बाई मानूस, हिकडं पाठ करून बसलीया, मधनंमधनं मागं वळून बगती, डोईवर पदर, दुसरा गलास चाललाय. फौजेची नजर हाय ही. विष्णुपंत म्हनाले, ‘हवालदार, यालाच एकाग्रता म्हणतात, ती तुम्हाला येतेच आहे.’ मी म्हनलं, पंत, मग फी कशाची घेतली?

विष्णुपंत कोन म्हनताय? त्या तितं मंगल कार्यालय हाय का, त्येच्या माडीवर सकाळी सा ते सात क्लास असतो — एकाग्रतेचा आन् मनःशांतीचा. तो पंतांचा. मूळचं वाईचं, शाळेत गनित शिकवायचं, आता रिटायर हुन हितं ऱ्हात्यात. आवाज असला बारीक की पैल्या रांगेत बसावं तवा ऐकाय येतोय. पैल्या दिशी म्हनाले, ‘डोळे मिटा आणि आपल्या श्वासाकडे नुसतं बघा.’ सगळी बगाय लागली. मीबी बगितलं. म्हनलं, पंत, माझा डाव्या नाकपुडीतनं येतोय, उजवी बरफात असल्यापास्नं धड चालत न्हाई — आन् मग बरफाचं सांगावं लागलं की वो! दुसऱ्या दिशी समईच्या जोतीकडं बगायचं. म्हनलं, चौकीवर आमचा रॉकेलचा दिवा व्हता, त्येची काच फुटली ती खेचरानं — आन् खेचराची गोष्ट निगाली. खेचराची गोष्ट ठावं हाय का तुमास्नी? न्हाई? मग सांगतो शेवटाला. लय भारी हाय. तर तिसऱ्या दिशी दोन बाया माझ्याजवळनं उठून मागच्या रांगेत गेल्या. आन् अकराव्या दिशी पंत सोता जिना उतरून माझ्यासंगं रस्त्यापातुर आलं, हात जोडलं, म्हनाले, ‘हवालदार, तुमच्यासाठी मी वेगळा अभ्यास काढला आहे. घरी करायचा.’ मी म्हनलं, आन् क्लासात? म्हनाले, ‘फक्त घरी.’

तो अभ्यास म्हंजे हा डबा. हालवून बगा — छरे हायत, चाकाच्या मधल्या हबात घालतो त्ये. ह्या वाटीत छरे, हा डबा मोकळा. शब्द तोंडाशी आला की बोलायच्या आदी एक छरा उचलायचा आन् डब्यात टाकायचा. टण्! — वाजतोय, वाजतोय, विरला. तवर गप ऱ्हायाचं. विरल्यावर आपल्याच मनाला इचारायचं, बाबा रं, हे बोलायलाच पायजे का? मन व्हय म्हनलं तर बोलायचं. सोपं हाय का न्हाई? पैल्या दिशी दुपारपातुर वाटी रिकामी! पन मानूस लबाड, ताई. पंधरा दिसांत हाताला सवय लागली. आता हात छरा टाकतोय आन् तोंड आपलं चालूच. मघाधरनं तीन टाकलं, तुमच्या ध्यानात तरी आलं का?

तरी फायदा झालाच न्हाई असं कसं म्हनू! एकदा काय झालं — खरं सांगतो — छरा टाकला आन् खरंच गप बसलो. पाव तास असंल. म्हंजे जीभ चावायला लागली व्हती, म्हनून असंल, पन बसलो. समोर तेलाचा मोकळा डबा पडलेला. बगत ऱ्हायलो त्येच्याकडं, बगत ऱ्हायलो, आन् एकदम डोस्क्यात आलं — हा पत्रा असा गोल कापला, कड आत मुडपली आन् चेनीवर बशिवला, तर साडीचा काठ आत जायालाच नगो! बाजारात कव्हर मिळतंय ते निम्मं झाकतंय, आन् बायांचं निम्मं लुगडं चेन खाती. उठलो, कातर घेतली, सांजंपातुर एक बनीवलं. वर बगा, ते टांगल्यात. चार हायत. पंतास्नी दावलं तर खुळ्यागत बगत ऱ्हायलं, म्हनाले, ‘बघा हवालदार, पाव तासात एवढं सुचलं.’ आता हितं बाया सायकल घिऊन येत न्हाईत हा भाग येगळा. चारीबी तशीच टांगल्यात. तुमीच पैल्या.

टिंग. टिंग. ही आवळली बगा, पाव आटा. आता तुमच्या मनात येत असंल, ह्या म्हाताऱ्याला ह्या वयात ध्यानाचं खूळ कुटनं लागलं? मनःशांती पायजे म्हनून? छ्या! शांती मी पोत्यानं बगितलीया. बरफातल्या चौकीवर चार-चार म्हैने ऱ्हायचं, समोरच्या टेकाडावर दुश्मन, खोकला आला तरी तोंडात टोपी कोंबायची. बोलायचं ते कानात, तेबी कामापुरतं. तुमी इचार करा, बोलक्या मानसाची काय गत झाली असंल! वीस वर्सांचं साटलेलं बोलनं घिऊन घरला आलो मी. सरकारनं पेन्शन दिली, ट्रंक दिली, पन हे सगळं ऐकायला कोन दिलं? कोन न्हाई. घरात एकटी अंबू. अंबूबाई — आमची मंडळी. तिनं ऐकलं. सकाळच्या च्यापास्नं निजंपातुर, पाच वर्सं. खेचराची गोष्ट तर तिला इतकी पाठ व्हती की मी इसरलो की भाकरी थापताना तीच म्हनायची, ‘आवं, मग खेचर कड्यावर गेलं.’ मला वाटायचं, काय गोडी लागलीया बाईला!

ती संक्रांतीला माहेरी गेली. आता गुढीपाडवा आला.

भांडून न्हाई गेली. अंबू भांडत न्हाई. त्या दिशी आळीतली आट-धा मानसं आलेली, मी मधी बसलेलो, गोष्ट रंगात. अंबू तिळगुळाची वाटी घिऊन दारात हुबी ऱ्हायली आन् म्हनाली, ‘आवं, मला —’ मी हात वर केला, म्हनलं, थांब की, खेचर कड्यावर हाय! लोकं हासली. ती थांबली. खेचर खाली आलं, तवर मी दुसरं काडलं. मग तिनं सगळ्यास्नी तिळगूळ वाटला — गोड बोला, गोड बोला — आन् माझ्या हातावर ठेवला तवा म्हनाली, ‘तिळगूळ घ्या आन् कमी बोला.’ पुन्ना सगळी हासली. मीबी हासलो! सगळ्यात मोट्यानं मीच हासलो. सांजच्याला बगतोय तर पिशवी भरलेली. म्हनाली, ‘तीनदा सांगाय आले. एकदा च्या पिताना, एकदा तुमची पाठ चोळताना, आन् आज चारचौघांत. तुमी एकदाबी माझं वाक्य पुरं हुऊ दिलं न्हाई. चौथ्यांदा सांगायची न्हाई मी. कुनालातरी एक सवाल इचारून त्येचं उत्तर पुरं ऐकाय जमलं, की यीन परत.’ मी म्हनलं, अगं पन काय सांगाय आली व्हतीस? तर बसली एष्टीत.

‘मला.’ एवढाच शब्द हाय माझ्यापाशी. मला — काय? मला बरं वाटत न्हाई? मला डोळ्यानं दिसंना? मला दाताला जायाचं हाय? च्या ठेवला की डोस्क्यात मला, कुलूप लावलं की मला. मी तर एक दिस सगळी यादी लिवली, तेवीस गोष्टी झाल्या. हासताय तुमी. हासा, हासन्यासारकंच हाय. पन ताई, तीस वर्सांच्या संसारात बाईमानूस तीनदा कायतरी मागाय आलं आन् मला त्येचा पैलाच शब्द ठावं. बत्तीस तारांतली ढिली तार कळती मला, आन् घरातल्या मानसाचं — लाज वाटती हो. हे अजून कुनाला बोललो न्हवतो. पंतास्नीबी न्हाई.

मग क्लास, मग हा डबा. आन् मी काय नुसता बसलो न्हाई, म्हैन्यानं तिच्या भावाच्या पत्त्यावर पत्र धाडलं — जोतीराम, तिचा भाऊ. लिवलं, की आता मी लय गप झालोय, गुरुवारी तर बोलतच न्हाई, मौन म्हंजे काय, ते कसं धरायचं, त्येचं फायदं, सगळं खुलासेवार लिवलं. अकरा पानं झाली. उत्तर आलं एका ओळीचं. जोतीरामच्या हातचं, पन शब्द तिचंच, मी वळकतो की. ‘अजून लांब हाय.’

तुमी कुटनं आलाय म्हनाला? म्हनालाच न्हाई, मी इचारलंच कुटं! थांबा, सांगू नगा. मीच सांगतो. सायकल बोलती माझ्यासंगं. हे नळीवर दोरीचं वळ बगा — ही एष्टीच्या टपावरनं आलीया, आजच. आन् हँडलला ही सुतळी गुंडाळलीया, ही द्राक्षाच्या मांडवाला बांधत्यात ती. म्हंजे तासगाव, न्हाईतर पलूस. पलूस? मान हालवलीत! पलूसच! बगा, म्हनलं न्हवतं? पलूसात काय सायकलीची दुकानं न्हाईत? असत्याल. तरी टपावर टाकून सांगलीला आनली, ह्येला म्हंत्यात नाव! आन् पलूस म्हंजे तर माझी सासुरवाडी हो! अंबू तितंच हाय, त्यो जोतीराम तितलाच — हां हां, एकदम उठू नगा, स्टूल कलंडंल! बसा. तुमची वळख असंल-नसंल, ते मागनं बोलू. आदी ही सायकल पुरी वाचू द्या. मी एकदा एकाग्र झालो की मधी मोडता घालायचा न्हाई, आसा नेमच हाय माझा.

तर ऐका. ही सायकल तुमची न्हवं. तुमी उंच, आन् हिची सीट पार तळाला बशिवलीया. चालवनारी ठेंगनी हाय, आन् पोरगी न्हवं, चांगली वयाची बाई हाय, सीटची स्प्रिंग सांगती. आन् शिकतीया. कशावरनं? डाव्या पॅडलचं रबर खरडलंय, डावी मूठ फाटलीया. डावीकडं पडती. सगळी नवशिकी एकाच अंगाला पडत्यात. पन ह्ये बगा, हितं वाकून बगा — हा जुना वळ, गंजलेला. त्येच्यावर हा दुसरा. आन् हा चकाकतोय तो कालचा. म्हंजे रोज पडती आन् रोज उटून बसती. दोन म्हैने तरी! गुडघं फुटलं असत्याल, लोकं हासली असत्याल, ह्या वयात हे काय म्हनून. जिद्दीची हाय बाई. आपल्याला आवडली. माझ्याकडं आली असती तर आट दिसांत शिकवली असती मी — मागनं सीट धरायची, बराबर पळायचं, आन् कवा सोडली ते सांगायचं न्हाई, एवढंच असतंय त्येच्यात. घरात शिकवनारं कोन नसंल बिचारीच्या. नवरा कसला हाय कुनास ठावं. असत्यात वो असली मानसं, ताई — बायकू काय म्हनती ह्येचा पत्ताच नसतो!

टिंग. टिंग. झालं चाक. सुतात आलं बगा, खडूला शिवतसुदिक न्हाई. आता चेन बगतो. हं, हितं कायतरी गुतलंय. काठ हाय, लुगड्याचा. म्हनलं न्हवतं, निम्मं लुगडं चेन खाती? माझं कव्हर असतं तर — थांबा, उपसतो. निगालं. तेलानं माखलंय, पुसू द्या. हिरवं दिसतंय. हिरव्यात तांबडी कड, आन् कडंला हे रुईफूल. इरकल हाय. असलं लुगडं —

असलं लुगडं मी घेतलं व्हतं. पैली पेन्शन आली तवा. कड मीच निवडली. ती म्हनाली व्हती, लय भडक हाय वो, ह्या वयात मला हासतील. मी म्हनलं, नेस तू.

ताई.

ही सायकल — मला सायकल — ‘मला सायकल शिकवा.’ व्हय? हेच व्हतं? तीनदा हेच म्हनाय आली व्हती ती? आगं आई गं. तेवीस गोष्टी लिवल्या मी, आन् त्यात सायकल न्हाई! सायकलीच्या दुकानदाराच्या यादीत सायकल न्हाई! दारात रोज दोन-दोन हुब्या असायच्या, ती झाडताना त्या बाजूला सारायची, एकदा घंटी वाजवून बगितली व्हती तिनं, मी म्हनलं कशाला वाजवतीस गं, आन् लगेच मी त्ये — तुमी सकाळधरनं हेच सांगाय बसलाय व्हय? आन् मी तुमाला — न्हाई, मी सांगतो कसं झालं, त्येचं काय झालं, की मी —

न्हाई.

न्हाई सांगत. हा छरा. हा टाकला. आता एकच इचारतो तुमास्नी. ती कशी हाय?

...

व्हय.

...

रोज सकाळी? कालव्याच्या कडंनं?

...

एकटीच. व्हय.

...

निवांत वाटतंय म्हनती. सायकलीवर बसलं की डोस्क्यात कुनाचा आवाज नसतोय. व्हय. बराबर हाय तिचं. सांगा तुमी, मी ऐकतोय.

...

गुडघा आता बरा हाय न्हवं?

...

तुमी अंगनवाडीत असता व्हय. रेश्माताई. तुमीच शिकवली तिला. लय उपकार झालं. मागनं सीट धरली व्हती का? ... धरली व्हती. बरं केलं.

हात कुनाला करताय आता? तितं रसवंतीत कोन — 

...

असं ठरलं व्हतं व्हय. मी सवाल इचारून उत्तराला थांबलो, तर तुमी हात करायचा. आन् न थांबलो तर? ... बाराच्या गाडीनं सायकल घिऊन दोघी माघारी. समजलं. तीन गलास रस पिऊन बसली ती, आन् मी तुमास्नी फौजेची नजर शिकवत बसलो.

उठली. पिशवी हाय हातात. रस्ता वलांडती. ट्रक येतोय, मी वरडू का? न्हाई, तिला दिसतोय, थांबली. थांबली ती. गेला ट्रक.

रेश्माताई, तुमी जावा आता. राग मानू नगा. रसवंतीवाल्याला सांगा हवालदारानं धाडलंय, बसा तितं सावलीला. कव्हर मी बशिवतो, हिरवं लुगडं पुन्ना गुतायचं न्हाई. पाटी? पाटी असू द्या तशीच, काडू नगा. आज ती खरी हुनार हाय. जावा, जावा.

ये. त्या स्टुलावर नगो, त्येचा एक पाय — असू दे. बस कुटंबी. चाक मी सरळ केलंय, आन् ते कव्हर दिसतंय का, ते मी एक दिस गप बसलो व्हतो तवा —

थांब. हा छरा टाकतो.

बोल, अंबू.